अमानत, इजारा आणि वऱ्हाड : ‘ट्रस्ट’ या शब्दाची गोष्ट

‘ट्रस्ट’ हा इंग्रजी शब्द आपल्याकडे इतका मुरलाय की तो परका वाटतच नाही. मशिदीचा ट्रस्ट, कब्रस्तानचा ट्रस्ट, दर्ग्याचा ट्रस्ट, उर्दू शाळेचा ट्रस्ट. ‘नवे ट्रस्टी कोण?’ या प्रश्नावर जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या पायऱ्यांवर तासभर चर्चा रंगते. आणि त्याच पायऱ्यांवर उभा असलेला कॉलेजातला मुलगा मित्राला सांगत असतो, ‘माझा त्याच्यावर ट्रस्ट नाही.’ शब्द एकच. पहिल्या ठिकाणी त्याचा अर्थ कागद, नोंदणी आणि मालमत्ता; दुसऱ्या ठिकाणी मनातला भरवसा.

इंग्रजीत या शब्दाचे आणखीही अर्थ आहेत. जुन्या काळी दुकानदार उधारीवर माल देई, त्यालाही ट्रस्ट म्हणत. पत्रात ‘आपण कुशल असाल अशी आशा आहे’ असं लिहिताना इंग्रज हेच क्रियापद वापरतो. अमेरिकेत रॉकफेलर यांनी १८८२ मध्ये आपल्या तेल कंपन्या एका मुठीत आणल्या, त्या व्यवस्थेचं नाव होतं ‘स्टँडर्ड ऑइल ट्रस्ट’. तिथून पुढे ट्रस्ट म्हणजे मक्तेदारी असा अर्थ रूढ झाला आणि १८९० मध्ये अशा ट्रस्टांविरुद्ध कायदा करावा लागला. भरवसा, उधारी, आशा, विश्वस्त संस्था आणि मक्तेदारी, इतके अर्थ एकाच शब्दाच्या पोटात आहेत.

एखाद्या शब्दाला अनेक अर्थ असणं ही भाषेची श्रीमंती असते. पण तोच शब्द दोन सरकारांच्या तहात येतो, तेव्हा कोण कुठला अर्थ धरून बसलंय यावर लाखो माणसांचं भवितव्य ठरतं. आपल्या वऱ्हाडचं तसंच झालं. १८६० च्या तहात वऱ्हाड इंग्रजांकडे ‘इन ट्रस्ट’ ठेवण्यात आला, म्हणजे विश्वस्त म्हणून. पुढची ८७ वर्षं तो त्यांच्याच हातात राहिला. ही गोष्ट मला चिखलदऱ्यापासून सांगायची आहे. कारण ज्या फौजेच्या पगारापायी वऱ्हाड गेला, त्याच फौजेतल्या एका कप्तानाचं नाव आज चिखलदऱ्याच्या इतिहासात पहिल्या ओळीत येतं.

निजामाच्या फौजेतला इंग्रज कप्तान

चिखलदऱ्याला गेलेल्या पर्यटकाला तीन-चार गोष्टी हमखास सांगितल्या जातात. उंची सुमारे १,११८ मीटर. भीमाने कीचकाला मारून इथल्या दरीत टाकलं, म्हणून कीचकदरा आणि पुढे चिखलदरा. इथे कॉफी पिकते. आणि १८२३ मध्ये हैदराबादच्या फौजेतल्या कॅप्टन रॉबिन्सनने या ठिकाणाचा ‘शोध’ लावला. कोरकू आणि गवळी या डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. हाकेच्या अंतरावर गाविलगड उभा आहे. १४२५ च्या सुमारास अहमदशहा वली बहमनी यांनी तो बांधून घेतला. तेव्हा ‘शोध’ म्हणजे काय, हा प्रश्न आहेच. पण तो बाजूला ठेवून मी दुसरा विचारतो. हैदराबादच्या निजामाच्या फौजेत एक इंग्रज कप्तान काय करत होता?

१८०३ च्या डिसेंबरात आर्थर वेलस्लीने गाविलगड नागपूरकर भोसल्यांकडून जिंकला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून जाऊन इंग्रजांचा दोस्त असलेल्या निजामाकडे आला. गाविलगड, नरनाळा आणि भोवतालचा काही भाग मात्र भोसल्यांकडे राहिला. १८२२ च्या तहाने तोही निजामाकडे आला. म्हणजे रॉबिन्सनसाहेब डोंगर चढून आले, तेव्हा हा मुलूख निजामाच्या ताब्यात येऊन जेमतेम वर्ष झालं होतं.

रॉबिन्सन ज्या फौजेत होता, तिची घडण विचित्र होती. हैदराबादचा इंग्रज रेसिडेंट हेन्री रसेल याने १८१३ च्या सुमारास निजामाच्या नावाने कवायती पलटणी उभ्या केल्या. आधी त्यांना ‘रसेल ब्रिगेड’ म्हणत. पुढे ‘हैदराबाद कंटिंजंट’ हे नाव पडलं. नाव निजामाचं, पगार निजामाच्या खजिन्यातून, पण अधिकारी इंग्रज आणि हुकूम रेसिडेंटचा. या फौजेची एक छावणी चिखलदऱ्याच्या पायथ्याशी एलिचपूरला, म्हणजे आजच्या अचलपूर-परतवाड्याला होती. उन्हाळ्यात मैदानात अंगाची लाही व्हायची. मग साहेब लोक डोंगरावर जायचे. चिखलदरा थंड हवेचं ठिकाण झालं ते असं.

१८०० च्या तहाप्रमाणे निजामाने लढाईच्या प्रसंगी इंग्रजांना कुमक द्यायची होती. कंटिंजंट मात्र लढाई नसतानाही बारा महिने पोसावी लागे. खजिन्याची अवस्था आधीच बिकट होती. विल्यम पामर यांच्या पेढीने दरबाराला चढ्या व्याजाने कर्ज दिलं होतं आणि ती पेढी १८२४ मध्ये बुडाली, तोवर राज्याचा महसूल सावकारांकडे अडकून पडला होता. फौजेचा पगार थकला की रेसिडेंट कंपनीच्या तिजोरीतून उचल द्यायचा आणि ती व्याजासह निजामाच्या नावे मांडायचा. जी फौज निजामाच्या हुकमात नव्हती, तिच्याच पगारापायी निजाम कर्जबाजारी झाला. इंग्रजीतला ‘ट्रस्ट’ म्हणजे उधारी, हा अर्थ हैदराबादने इथे आधी अनुभवला.

‘असाइन्ड’ म्हणजे काय?

१८५३ मध्ये गव्हर्नर जनरल डलहौसीने कर्जाच्या बदल्यात मुलूख मागितला. रेसिडेंट कर्नल लो याने दरबारात वाटाघाटी केल्या. मुलूख कायमचा लिहून द्यावा अशी कंपनीची इच्छा होती. नासिरुद्दौला त्याला तयार होईनात. बापजाद्यांचा मुलूख तोडून देणं म्हणजे राजाची नाचक्की, असं त्यांचं म्हणणं होतं. शेवटी ‘कायमचा’ हा शब्द वगळला गेला. कंटिंजंट लागेल तोवर, तिच्या खर्चापुरता, मुलूख कारभारासाठी सोपवायचा, असं लोने समजावलं आणि २१ मे १८५३ रोजी तह झाला. दिवाण सिराजुल्मुल्क त्यानंतर काही दिवसांतच वारले. त्यांच्या जागी आलेले पुतणे सालारजंग तेव्हा अवघे चोवीस वर्षांचे होते.

वऱ्हाड, धाराशिव-नळदुर्गाकडचा भाग आणि रायचूर दुआब, असा सुमारे ५० लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख या तहाने ‘असाइन’ झाला. हाही दोन तोंडांचा शब्द आहे. कारकुनाला काम नेमून देतात तेही असाइन आणि आपला हक्क दुसऱ्याच्या नावे करून देतात तेही असाइन. हैदराबादने पहिला अर्थ धरला, कलकत्त्याने व्यवहारात दुसरा. वऱ्हाडचं सरकारी नावच ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ पडलं. आल्फ्रेड लायल यांनी १८७० मध्ये वऱ्हाडचं गॅझेटियर काढलं, त्याच्या नावातही हेच शब्द आहेत. मालक हैदराबाद, ताबा इंग्रजांचा, ही कबुलीच जणू शीर्षकात छापली होती.

१८५७ च्या उठावात हैदराबाद दरबार इंग्रजांच्या बाजूने राहिला. त्याचं बक्षीस म्हणून डिसेंबर १८६० मध्ये नवा तह झाला. सुमारे ५० लाखांचं कर्ज माफ झालं. धाराशिव-नळदुर्ग आणि रायचूर दुआब परत मिळाले. वर सुरापूरचं संस्थान मिळालं. वऱ्हाड मात्र परत मिळाला नाही. सुमारे ३२ लाखांच्या उत्पन्नाचा हा मुलूख इंग्रज सरकार ‘इन ट्रस्ट’ ठेवेल, असं तहात लिहिलं गेलं. कशासाठी? कंटिंजंटचा पगार, अप्पा देसाई यांची चौथाई, महिपतराम यांच्या कुटुंबाचा तनखा आणि काही ठरावीक पेन्शनी यांसाठी. यातून जे उरेल ते निजामाला मिळेल.

याच तहात आणखी एक कलम होतं. या मुलखाच्या जमाखर्चाचा हिशेब निजाम मागणार नाही. मागचा नाही, आताचा नाही आणि पुढचाही नाही. कारभारावर किती खर्च करायचा, तेही इंग्रज सरकारच ठरवणार.

ही दोन कलमं एकमेकांशेजारी ठेवून वाचली, की माझ्या मनात एकच प्रश्न येतो. हिशेब न देणारा विश्वस्त, हा विश्वस्त कसा?

अमानतीचे तीन कोपरे

आपल्या भाषांत ट्रस्टला सर्वांत जवळचा शब्द आहे ‘अमानत’. मराठीने तो उचलला आणि अक्षरं उलटसुलट करून ‘अनामत’ केला. निवडणुकीत उमेदवाराची ‘अनामत जप्त’ होते, भाड्याच्या घरासाठी ‘अनामत रक्कम’ भरावी लागते. मूळ शब्द अरबी आहे, हे बोलणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसतं. जुन्या महसुली कारभारात ‘अमानी’ हा शब्दही होता. ज्या गावाचा वसूल मक्तेदाराला विकत न देता सरकारी माणूस थेट गोळा करायचा, ते गाव अमानीत आहे असं म्हणत. त्याच्या उलट शब्द ‘इजारा’. इजारदार ठरलेली रक्कम सरकारात भरायचा आणि वर जे सुटेल ते खिशात घालायचा. हे दोन शब्द लक्षात ठेवा, पुढे लागतील.

अमानतीला तीन कोपरे असतात. ठेवणारा, सांभाळणारा आणि ज्याच्यासाठी सांभाळायची तो. सांभाळणाऱ्याचा हात वस्तूवर असतो, पण वस्तू त्याची नसते. हा फरक डोळ्यांना दिसत नाही. गावात एखाद्या घरात ठेवलेली दुसऱ्याची पेटी आणि त्याची स्वतःची पेटी बाहेरून सारखीच दिसते. फरक कळतो तो दोनच वेळी : मागितल्यावर परत मिळते तेव्हा आणि विचारल्यावर हिशेब मिळतो तेव्हा.

मक्केच्या लोकांनी पैगंबरसाहेबांना ‘अल-अमीन’ म्हटलं. त्यांच्या शिकवणीला विरोध करणारेही आपल्या मौल्यवान ठेवी त्यांच्याकडेच ठेवत. हिजरतीच्या वेळी जीव धोक्यात असताना त्यांनी हजरत अली यांना मागे ठेवलं, ते या ठेवी ज्याच्या त्याला परत करण्यासाठी. सीरतच्या मजलिसीत ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. ठेव शत्रूची असली तरी ती ठेवच असते, हा त्यातला धडा.

वक्फची बांधणीही याच कल्पनेवर झाली. मालमत्ता एका कारणासाठी कायमची बाजूला काढायची आणि मुतवल्लीने ती सांभाळायची. मुतवल्ली मालक नाही, राखणदार आहे. इंग्रजी ट्रस्टचं मूळ मध्ययुगातल्या ‘यूज’ नावाच्या पद्धतीत सापडतं. वक्फशी तिचं साम्य पाहून काही कायदेपंडितांनी क्रुसेडच्या काळातल्या देवघेवीकडे बोट दाखवलं आहे. त्यावर मतभेद आहेत. पण दोन्हींचा गाभा एक आहे, हे कुणी नाकारत नाही. १८८२ च्या भारतीय न्यास कायद्याने ट्रस्टची व्याख्या करताना म्हटलं, की हे मालकीला चिकटलेलं बंधन आहे आणि ते टाकलेल्या व स्वीकारलेल्या विश्वासातून जन्माला येतं. मालमत्तेचा ट्रस्ट आणि मनातला ट्रस्ट, शब्दाचे दोन्ही अर्थ कायद्याने एका वाक्यात बांधले. वक्फला मात्र या कायद्यातून वेगळं ठेवण्यात आलं.

आता एक योगायोग पाहा. वऱ्हाडचा तह झाला त्याच १८६० सालात भारतीय दंड संहिता मंजूर झाली. तिच्या ४०५ व्या कलमात एक गुन्हा आहे : सोपवलेली मालमत्ता अप्रामाणिकपणे स्वतःची करून घेणं. मराठी कायद्याच्या भाषेत फौजदारीपात्र न्यासभंग. पोलिसांच्या जुन्या भाषेत अमानतीत खयानत. दंड संहिता गेली, २०२३ ची न्याय संहिता आली, तरी ३१६ व्या कलमात हा गुन्हा कायम आहे. एका हाताने सरकारने रयतेसाठी हा गुन्हा लिहिला आणि त्याच वर्षी दुसऱ्या हाताने हिशेब न देण्याची सूट स्वतःला लिहून घेतली.

कापूस, सालारजंग आणि कायमचा इजारा

तह झाला आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. मँचेस्टरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेना. वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला सोन्याचा भाव आला. रेल्वे बडनेऱ्यावरून पुढे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आले आणि कापसाच्या बाजारापर्यंत नेलेल्या रेल्वे फाट्याचं उद्घाटन झालं. ज्या मुलखाचं उत्पन्न तहात ३२ लाख धरलं होतं, तो आता हिंदुस्थानातल्या बड्या कापूस-प्रदेशांपैकी एक होता. अशी ठेव कोण परत करतो?

सालारजंगांनी मात्र ती मागितली, आणि नेमकी अमानतीच्या भाषेत मागितली. त्यांचं म्हणणं साधं होतं. वऱ्हाड फौजेच्या पगारासाठी ठेवलाय ना? मग त्या पगाराची सोय होईल एवढं भांडवल आम्ही तुमच्याकडे जमा करतो, मुलूख परत द्या. १८७२ पासून त्यांनी हा प्रस्ताव पुन्हा पुन्हा मांडला. १८७६ मध्ये ते इंग्लंडलाही गेले. आधी नकार मिळाला. पुढे उत्तर आलं, की निजाम अल्पवयीन आहेत, ते सज्ञान झाल्यावर पाहू. महबूब अली खान गादीवर आले तेव्हा अडीच-तीन वर्षांचे होते. त्यांना १८८४ मध्ये अधिकार मिळाले. सालारजंग त्याच्या आदल्या वर्षी वारले होते.

१९०२ मध्ये लॉर्ड कर्झन हैदराबादला आले. निजामांशी त्यांची एकांतात भेट झाली आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरात करार झाला. वऱ्हाडवर निजामाचं सार्वभौमत्व मान्य करायचं, वर्षाला २५ लाख रुपये द्यायचे आणि त्या बदल्यात वऱ्हाड इंग्रजांना कायमच्या पट्ट्याने द्यायचा. १८५३ मध्ये नासिरुद्दौलांनी जो ‘कायमचा’ शब्द दाराबाहेर ठेवला होता, तो पन्नास वर्षांनी खिडकीतून आत आला. १ ऑक्टोबर १९०३ पासून वऱ्हाड मध्य प्रांताच्या कारभाराला जोडला गेला. आणि ज्या कंटिंजंटसाठी हा सगळा खटाटोप होता, ती हिंदुस्थानी लष्करात विलीन झाली. ठेवीचं कारण संपलं, ठेव मात्र गेली ती गेलीच.

म्हणजे १८६० ला जी अमानत होती, तिचा १९०२ ला इजारा झाला. तोही कसा? फिकहमध्ये इजाऱ्याला मुदत ठरलेली असावी लागते. मुदत नसलेला, कधीच न संपणारा इजारा म्हणजे विक्रीच. फरक एवढाच, की विक्रीची किंमत एकदा मिळते आणि इथे ती वर्षाला २५ लाखांच्या हप्त्याने मिळत होती.

यातून एक गमतीदार अवस्था तयार झाली. वऱ्हाडात इंग्रजी कलेक्टर, इंग्रजी कोर्ट, इंग्रजी पोलीस. पण कायद्याने वऱ्हाड ब्रिटिश हिंदुस्थान नव्हताच. तो परक्या राजाचा मुलूख होता. ब्रिटिश हिंदुस्थानात झालेले कायदे वऱ्हाडात आपोआप लागू होत नसत, ते वेगळ्या हुकमाने लावावे लागत. अमरावतीचा शेतकरी सारा इंग्रजांकडे भरायचा आणि कागदोपत्री निजामाची रयत असायचा.

१९२३ मध्ये मीर उस्मान अली खान यांनी वऱ्हाड परत मागणारं लांबलचक पत्र व्हाइसरॉय रीडिंग यांना धाडलं. १९०२ चा करार खुल्या संमतीने झाला नव्हता, असा त्यांचा दावा होता. मार्च १९२६ मध्ये उत्तर आलं. ब्रिटिश सत्ता सर्वोच्च आहे, कोणताही संस्थानिक तिच्याशी बरोबरीच्या नात्याने वाद घालू शकत नाही. थोडक्यात, ठेवलेली वस्तू मागणाऱ्याला सांगण्यात आलं, की मागण्याइतकी तुमची पायरी नाही. १९३६ च्या करारात निजामाच्या मानापानाची सोय झाली. ते ‘हैदराबाद व बेरारचे निजाम’ झाले आणि थोरल्या शहजाद्याला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. वऱ्हाडचा राजपुत्र होता, वऱ्हाड त्याचा नव्हता.

चौथा कोपरा

इथवर वाचून कुणाला वाटेल, की मी निजामाची वकिली करतोय. तसं नाही. इतिहासाकडे प्रामाणिकपणे पाहायचं तर पाने आणखी मागे उलटावी लागतात.

फतहुल्ला इमादुल्मुल्क हे बहमनी सुलतानाचे वऱ्हाडचे तरफदार होते. सुलतानाच्या वतीने प्रांत सांभाळणं हे त्यांचं काम. १४९० च्या सुमारास त्यांनी स्वतंत्र राज्य केलं आणि इमादशाही सुरू झाली. गाविलगडावर आजही या घराण्याच्या खुणा आहेत. पुढे निजामुल्मुल्क आसफजाह हे मुघल बादशहाचे दख्खनचे सुभेदार. १७२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शकरखेड्याला, म्हणजे आजच्या साखरखेर्ड्याला, त्यांनी मुबारिझ खानाचा पराभव केला आणि दख्खन आपल्या हाती ठेवली. बादशहाचं नाव चालू राहिलं, राज्य आसफजाही झालं. म्हणजे वऱ्हाड सांभाळायला दिला आणि सांभाळणाऱ्याने तो आपला केला, हे आधीही घडलं होतं. इंग्रजांनी फक्त ‘ट्रस्ट’ हा शब्द कागदावर लिहिला.

या सगळ्या कागदांत एक माणूस कुठेच दिसत नाही : वऱ्हाडचा रयत. १८६० च्या तहात लाभार्थी कोण होते, ते आपण पाहिलं. फौज, दोन कुटुंबं आणि पेन्शनर. कापूस पिकवणारा कुणबी, तो विणणारा मोमीन, सरकी काढणारा पिंजारी, मेळघाटचा कोरकू यांच्यासाठी मुलूख सांभाळायचा आहे, असं एकाही तहात म्हटलेलं नाही. १८५३ ला त्यांना कुणी विचारलं नाही, १८६० ला नाही, १९०२ ला नाही. अमानतीचे तीन कोपरे मी वर सांगितले. वऱ्हाडी माणूस हा या व्यवहारात कुणीच न मोजलेला चौथा कोपरा होता.

पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाने इराक, पॅलेस्टाईन, सीरिया हे मुलूख ब्रिटन-फ्रान्सकडे दिले. तेव्हा तिथल्या लोकांचं कल्याण हा सुधारलेल्या जगावरचा पवित्र ‘ट्रस्ट’ आहे, अशी भाषा वापरली गेली. इथे लाभार्थी म्हणून लोकांचं नाव तरी आलं. पण हिशेब मागण्याचा हक्क त्यांनाही मिळाला नाही. पॅलेस्टाईनचं पुढे काय झालं, ते आपण पाहतो आहोत. वऱ्हाडचा अनुभव या सगळ्याच्या साठ वर्षं आधीचा आहे.

चिखलदऱ्याच्या भोवतालच्या जंगलाचीही गोष्ट हीच आहे. वऱ्हाडसाठी १८८६ मध्ये वेगळा वन कायदा झाला. जंगल राखीव झालं आणि कोरकूंचा कुऱ्हाड-गुरांचा हक्क सरकारी परवानगीवर आला. १९७४ मध्ये मेळघाट देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत आला. वाघ वाचलाच पाहिजे, यात शंका नाही. १९९६ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात म्हटलं, की नद्या, जंगलं, समुद्रकिनारे यांचं सरकार मालक नाही, विश्वस्त आहे आणि लाभार्थी जनता आहे. तहातला तोच शब्द, पण आता लाभार्थ्याच्या जागी पहिल्यांदा माणसं लिहिलेली. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाला सामूहिक हक्क मागण्याची वाट दिली. मेळघाटच्या पायथ्याच्या पायविहीर गावाने तो हक्क मिळवला आणि उजाड डोंगर पुन्हा हिरवा केला. ज्यांच्यासाठी अमानत असते, त्यांच्या हाती हिशेब आला की काय होतं, याचं उत्तर तिथे उभं आहे.

हिशेबाचा प्रश्न

आता पुन्हा आपल्या ट्रस्टांकडे येतो. वक्फच्या जमिनी कुणी बळकावल्या, सरकारने काय केलं, यावर आपण पोटतिडकीने बोलतो आणि बोललंच पाहिजे. पण एक जुनी गोष्ट आपण विसरतो. १९२३ मध्ये मुसलमान वक्फ कायदा झाला. मुतवल्लींनी वक्फच्या मालमत्तेचा तपशील आणि दरवर्षीचा तपासलेला हिशेब कोर्टात सादर करावा, हा त्याचा गाभा होता. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीही दुखणं हेच होतं. ज्या वर्षी निजाम व्हाइसरॉयकडे वऱ्हाडचा हक्क मागत होते, त्याच वर्षी सामान्य मुसलमान आपल्याच मुतवल्लीकडे हिशेब मागू शकेल, अशी तरतूद होत होती.

काही गावांत जमातीचा जमाखर्च मशिदीच्या फळ्यावर लावतात. कब्रस्तानच्या कुंपणाला किती लागले, दुकानांचं भाडं किती आलं, इमामसाहेबांचा पगार किती, सगळं खडूने लिहिलेलं. तिथे भांडणं होत नाहीत असं नाही. पण ती आकड्यांवर होतात, माणसांच्या इमानावर होत नाहीत. काही गावांत मात्र हिशेब विचारणाऱ्यालाच सुनावलं जातं, ‘आमच्यावर ट्रस्ट नाही का?’ शब्दाची ही चलाखी ओळखायला हवी. प्रश्न मालमत्तेच्या ट्रस्टबद्दल असतो आणि उत्तर मनातल्या ट्रस्टचं दिलं जातं. कलकत्त्याच्या सरकारनेही हैदराबादला वेगळं काही सांगितलं नव्हतं. आम्ही सचोटीचे आहोत, कारभार उत्तम चाललाय, हिशेब कशाला हवा?

वऱ्हाडचा कारभार इंग्रजांनी खरोखर वाईट केला होता का? रेल्वे आली, कोर्टकचेऱ्या आल्या, जमिनीची मोजणी झाली, शाळा आल्या. निजामाच्या इजारदारांपेक्षा तो बरा होता, असं म्हणणारे तेव्हाही होते आणि त्यांच्याकडे कारणं होती. पण चांगला कारभार केला म्हणून दुसऱ्याची ठेव आपली होत नाही. हा मुद्दा सालारजंगांना कळला होता.

इंग्रजीने या एका शब्दात भरवसा आणि मालमत्ता यांची गाठ मारली. आपल्या अमानतीतही ती गाठ आहेच, पण तिच्या जोडीला आपल्याकडे आणखी एक शब्द आहे, ‘हिसाब’. कयामतच्या दिवसाला आपण हिसाबचा दिवस म्हणतो. तो दिवस यायचा तेव्हा येईल. जमातीचं आर्थिक वर्ष मात्र दरसाल ३१ मार्चला संपतं. त्यानंतरच्या पहिल्या जुम्याला आपल्या मशिदीच्या फळ्यावर काय लिहिलंय, ते प्रत्येकाने एकदा वाचावं. फळा कोरा असेल, तर विचारावं.